ट्रॅक्टरचा गंजलेला मॅनिफोल्ड कसा बदलावा

भातलावणी आटोपली, कीं बदलापूर व अंबरनाथ या बाजूंचे ट्रॅक्टर कापणीपर्यंत बहुधा गोठ्याच्या पडवीला उभे राहतात. बैल बसून राहिला तरी त्याला वैरण घालावी लागते, त्यामुळें त्याच्याकडे रोज पाहणें होतें. ट्रॅक्टर कांहींच मागत नाहीं, म्हणून तो विस्मरणांत जातो. पुढें दिवाळीच्या सुमारास तो चालू करावा, तों इंजिनाच्या कुशींतून फट्-फट् असा आवाज येऊं लागतो, चालविणाराचे डोळे चुरचुरतात व बिडावर काजळीचे काळे ओघळ दिसतात. असें झालें म्हणजे मॅनिफोल्ड फुटला किंवा त्याचा सांधा सुटला असें समजावें. आमच्या वाचकांत वीस-पंचवीस वर्षांचे, क्वचित् त्याहूनहि जुने ट्रॅक्टर बाळगणारे पुष्कळ आहेत. त्यांना हें काम आपल्या दारीं, थोडक्या हत्यारांनीं करतां यावें, म्हणून हा लेख.

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरांतून निघणारा जळका वायु एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारी जी बिडाची फांदीदार नळी, तिला मॅनिफोल्ड म्हणतात. ही बाहेरून जितकी गंजते त्याहून अधिक आंतून गंजते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे त्यापासून जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. इंजिन तास दोन तास चाललें तर ही वाफ बाहेर निघून जाते. परंतु ट्रॅक्टर अंगणांतून पडवींत नेण्यापुरता पांच मिनिटें चालविला, तर तीच वाफ थंड बिडावर निवते व तेथेंच राहते. पूर्वीं डिझेलमध्यें गंधक पुष्कळ असे, त्याचें या पाण्याशीं आम्ल होई. एप्रिल २०२० पासून सर्व देशांत दशलक्ष भागांत दहा भागांहून अधिक गंधक नसलेलें डिझेल मिळूं लागलें, त्यामुळें आम्लाचा उपद्रव कमी झाला. पाणी मात्र होतें तेवढेंच आहे. त्यांत उभ्या सायलेन्सरच्या तोंडांतून आषाढ-श्रावणाचा पाऊस सरळ आंत पडतो. तोंडावर एखादा रिकामा पत्र्याचा डबा उपडा घातला असता, तर अर्धा गंज टळला असता! हौसेनें जुन्या शर्यतीच्या मोटारी बाळगणारांचीहि हीच तक्रार असते, आणि कारणहि हेंच: गाडी उभी फार, चालते थोडी.

फुटका मॅनिफोल्ड तसाच चालवूं नये. भार घेतलेल्या इंजिनाचा धूर चारशें-पांचशें अंशांपर्यंत तापलेला असतो. तो जवळच्या तारांवर व डिझेलच्या नळीवर आला तर धोका उघड आहे. ठाणें जिल्ह्यांत पेंढा व गवत यांच्या गंजी खळ्यालगतच असतात. मळणीच्या वेळीं फटींतून उडालेली एक ठिणगी वर्षाची वैरण नेण्यास पुरे. शिवाय बंद छपरांत इंजिन चालविल्यास त्यांतला कर्बाचा विषारी वायु सांचतो. त्याला वास नसतो, व माणसाला गुंगी आल्याचेंहि कळत नाहीं.

वेल्डिंग करून भागेल काय, असें पुष्कळ विचारतात. बिडांत सुमारें तीन टक्के कर्ब असतो, त्यामुळें तें ठिसूळ असतें. साध्या काडीनें जोड दिला तर निवतांना शेजारीच नवी चीर पडते. पूर्ण तुकडा आधीं तापवून, निकेलच्या काडीनें जोडून, राखेंत हळूहळू थंड केल्यास जोड टिकतो खरा. पण गंजानें पातळ झालेल्या भिंतीवर हा खटाटोप व्यर्थ होय. नवा घालणेंच बरें.

आतां मुख्य काम. मॅनिफोल्ड काढणें कठीण नाहीं; त्याला धरून ठेवणारे नट काढणें कठीण आहे. येथें आमचाच अनुभव सांगतों. ऐन चिखलणीच्या दिवसांत आम्हीं आमचा ट्रॅक्टर एका कारखान्यांत नेला व घाई केली. तेथील मिस्त्रीनें पान्ह्याला हातभर नळी लावून जोर दिला. दोन स्टड हेडच्या आंतच मोडले. हेड उतरवावें लागलें, चार दिवस गेले, वाफ्यांतलें पाणी ओसरलें आणि रोपें खाचरांत जाण्याऐवजीं दाढींतच वाढत राहिलीं. मॅनिफोल्डच्या किंमतीपेक्षां ही घाई आम्हांला महाग पडली. दोष मिस्त्रीचा जितका, तितकाच आमचा.

सबब हें काम ट्रॅक्टर रिकामा असतांना काढावें व त्याला तीन दिवस द्यावे. प्रथम बॅटरीची तार सोडावी. तारेच्या ब्रशानें आटे स्वच्छ करून बाजारांत मिळणारें गंज सोडविणारें तेल थंड नटांवर सांज-सकाळ सोडावें. मधून पान्ह्याच्या दांड्यावर हलके ठोके द्यावे, म्हणजे तेल आंत उतरतें. तिसऱ्या दिवशीं सहा बाजूंचा, घट्ट बसणारा पाना घ्यावा. झिजलेला उघडा पान्हा घेऊं नये. नट प्रथम किंचित् आवळण्याच्या दिशेनें हलवावा, मग सोडावा. पाव फेरा आला कीं पुन्हा मागें न्यावा, तेल द्यावें, पुन्हा पुढें. हाताला रबरासारखा ताण लागला तर थांबावें: त्या वेळीं नट सुटत नसून स्टड पिळला जात असतो. अशा नटाला गॅसची ज्योत द्यावी, स्टडला नव्हे. तत्पूर्वीं तेल पुसून घ्यावें, डिझेलच्या नळ्या झांकाव्या व वाळूची बादली जवळ ठेवावी. तरीहि न सुटल्यास नट छिन्नीनें फोडावा. नट पांच-दहा रुपयांचा, हेड हजारोंचें. इतकें करूनहि स्टड आंत मोडलाच, तर घरीं छिद्र पाडण्याचा मोह टाळून अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींतील एखाद्या जाणत्या लेथवाल्याकडे काम द्यावें.

नवा भाग घेण्यास आमच्या बाजूचे लोक उल्हासनगरला जातात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत आलेल्या सिंधी निर्वासितांनीं उभारलेल्या व १९४९ सालीं हें नांव मिळालेल्या या गांवीं हरतऱ्हेचा सुटा माल मिळतो. जातांना जुना मॅनिफोल्ड व गॅस्केट बरोबर न्यावें, भोकें एकावर एक ठेवून पाहावीं. मॅनिफोल्ड टांगून हलका हातोडा मारावा. अखंड बीड घंटेसारखें वाजतें, चिरलेलें बद्द वाजतें. संशय राहिल्यास डिझेल चोळून कोरडें पुसावें व खडूची पूड लावावी. चीर असेल तेथें ओली रेघ उमटते. तोंडांवर सरळ पोलादी पट्टी ठेवून खालून उजेड दिसतो काय तें पाहावें. अधिक फट असल्यास तोंडें यंत्रावर सपाट करून घ्यावीं.

बसवितांना हेडचें तोंड खरवडून स्वच्छ करावें, गॅस्केट नवेंच घालावें, व आट्यांना उष्णता सोसणारें ग्राफाइटचें वंगण लावावें. नट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, ट्रॅक्टरच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें आवळावे. अर्ध्या मीटरचा मॅनिफोल्ड चारशें अंश तापला म्हणजे सुमारें दोन मिलिमीटर लांबतो. म्हणूनच त्याचीं भोकें सैल ठेवलेलीं असतात, आणि म्हणूनच बेसुमार आवळलेला मॅनिफोल्ड टोंकाशीं फुटतो. इंजिन चालू करतांच, बीड थंड आहे तोंवर, सांध्यावर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर सांधा गळतो. तापून पुन्हा पूर्ण निवल्यावर नट एकवार तपासावे. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी कधींहि ओतूं नये.

राहिली पुराची गोष्ट. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीचें पाणी वांगणीजवळ रेल्वेमार्गावर चढून महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, तसे दिवस नदीकांठीं पुन्हा येणारच. ट्रॅक्टर बुडाला असेल, तर मॅनिफोल्डच्याच वाटेनें पाणी सिलिंडरांत गेलेलें असतें. पाणी दाबलें जात नाहीं. किल्ली फिरवितांच कनेक्टिंग रॉड वांकतो. म्हणून बुडालेलें इंजिन चालू न करतां आधीं मॅनिफोल्ड व इंजेक्टर काढावे, इंजिन हातानें फिरवून सर्व पाणी बाहेर घालवावें, तेल बदलावें, आणि मगच किल्लीला हात लावावा.