ट्रॅक्टरची लिफ्ट व गाडीचे ब्रेक : बिघाडाची पारख आणि दुरुस्ती

ट्रॅक्टरची निगा म्हटली म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम इंजिन उभे राहते. इंजिनाचे ऑईल वेळच्या वेळी बदलले जाते, डिझेलचा फिल्टर पाहिला जातो, रेडिएटरात पाणी भरले जाते. परंतु ज्या तेलाच्या जोरावर नांगर उचलला जातो, ट्रॉली उलटी होते आणि अनेक गाड्यांचे ब्रेक लागतात, त्या तेलाकडे मात्र काम अडेपर्यंत कोणी पाहत नाही. काम अडले की घाईने पंप खोलला जातो. पुष्कळदा पंप निर्दोष असतो आणि दोष दुसरीकडेच असतो. खोलण्यापूर्वी बिघाड कोठे आहे हे ओळखता आले, तर निम्मा खर्च वाचतो. दुरुस्तीच्या वेळी जिवाला असलेला धोका टाळणे हे तर त्याहूनही अगत्याचे आहे.

या यंत्रणेचे मूळ तत्त्व सोपे आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे फ्रान्समधील पास्कल या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडले. २ चौरस सेंटिमीटरच्या लहान दट्ट्यावर २० किलोग्रॅमचा रेटा दिला, तर दर चौरस सेंटिमीटरला १० किलोग्रॅम दाब निर्माण होतो. तोच दाब २० चौरस सेंटिमीटरच्या मोठ्या दट्ट्यावर आला म्हणजे तेथे २०० किलोग्रॅमचा रेटा मिळतो. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. लहान दट्ट्या दहा बोटे सरकला, तर मोठा एकच बोट सरकतो. ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये हे आकडे फार मोठे असतात. ९० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम झाला, तर दट्ट्यावर सुमारे साडेनऊ टन रेटा येतो. एवढी शक्ती बोटभर जाडीच्या नळीतून वाहते, हे दुरुस्तीला बसणाऱ्याने क्षणभरही विसरू नये.

ओझे तेलावर ठेवू नये

नांगर किंवा रोटाव्हेटर वर उचलून त्याखाली हात घालणे, तसेच उचललेल्या ट्रॉलीखाली वाकून नळी तपासणे, हे प्रकार खेड्यापाड्यांत सर्रास दिसतात. लिफ्टचा दांडा कोणाच्या धक्क्याने खाली आला, एखादी रिंग फाटली किंवा नळी सुटली, तर वरचे ओझे हाक मारण्यापुरताही वेळ देत नाही. म्हणून अवजाराखाली काम करावयाचे असेल, तर ते आधी जमिनीवर टेकवावे. तसे शक्य नसेल, तर भक्कम लाकडी ओंडक्यांचा किंवा लोखंडी टेकूचा आधार द्यावा. ट्रॉलीला चौकटीवर बसणारा टेकू कायमचा जोडून घ्यावा. विटा किंवा दगड यांवर विसंबू नये; वीट भाराखाली फुटते आणि दगड घसरतो. जॅक हेही तेलावरच उभे असलेले साधन असल्यामुळे तो उचलण्यासाठी वापरावा, आधारासाठी नव्हे.

नळीचा सांधा सोडण्यापूर्वी अवजार खाली टेकवावे, इंजिन बंद करावे आणि लिफ्टचे दांडे दोन-तीन वेळा पुढे-मागे करावेत, म्हणजे आत अडकलेला दाब निघून जातो. नळीला बारीक भोक पडले आहे असा संशय आल्यास त्यावर हात फिरवून गळती शोधू नये. दाबाखालील तेलाची सुईएवढी धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून केवळ टोचल्यासारखी लहान खूण दिसते व पहिल्या काही तासांत फारसे दुखतही नाही. परंतु आत मांस कुजू लागते आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. असे घडल्यास हळद लावून घरी बसू नये. तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे व दाबाचे तेल आत गेले आहे असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. त्यावर डाग उमटतो.

लिफ्टचा बिघाड ओळखणे

हॅरी फर्ग्युसन यांनी तीन सांध्यांची जोडणी व तेलाची लिफ्ट यांचा मेळ घातला आणि १९३६ पासून असे ट्रॅक्टर बाजारात येऊ लागले. आजचे बहुतेक ट्रॅक्टर त्याच धर्तीचे आहेत. यात सामान्यतः दोन दांडे असतात. एक अवजाराची उंची ठरवितो. दुसरा मातीचा ओढ ओळखून अवजार आपोआप थोडे वर-खाली करतो. काळ्या मातीत चालणारा नांगर मुरमाच्या पट्ट्यात शिरला की किंचित वर येतो. हा बिघाड नसून या दुसऱ्या दांड्याचे कामच आहे. उलट रोटाव्हेटर किंवा पेरणीयंत्र चालविताना उंचीचा दांडा वापरावयास हवा. तेथे ओढीचा दांडा लावला तर खोली एकसारखी राहत नाही. लिफ्ट बिघडली म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी काहींचा उलगडा येथेच होतो.

लिफ्ट मुळीच उचलत नसेल, तर प्रथम ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून व अवजार खाली सोडून तेलाची पातळी पाहावी. ट्रॉलीकडे तेल वळविणारा दांडा चुकून तसाच राहिला नाही ना, हेही पाहावे. पातळी ठीक असून पंप कण्हत असेल, तर त्याला पुरेसे तेल ओढता येत नाही असे समजावे. पंपापूर्वीची जाळी गाळाने भरलेली असते किंवा ओढीच्या नळीचा सांधा सैल होऊन तीतून हवा शिरत असते. तेल गार असताना लिफ्ट ठीक चालते आणि तासाभराने मंद होते, असे झाल्यास पंपाची झीज झालेली असते किंवा नेमून दिल्यापेक्षा पातळ तेल भरलेले असते.

अवजार उचलून इंजिन बंद केले असता ते थोड्याच वेळात खाली येत असेल, तर बहुतेक रचनांत पंपाचा दोष नसतो, कारण पंप व सिलिंडर यांमध्ये तेल मागे येऊ न देणारी झडप असते. गळती त्या झडपेत, नियंत्रण झडपेत किंवा दट्ट्याच्या रिंगेत असते. इंजिन चालू असताना उचललेला नांगर मान डोलावल्यासारखा खाली-वर होत असेल, तर तेही याच गळतीचे लक्षण होय. तेल निसटते, नांगर खाली येतो, नियंत्रण झडप तो पुन्हा उचलते आणि हे चक्र चालू राहते. अशा वेळी नवा पंप बसविल्यास पैसा जातो आणि नांगर डोलतच राहतो.

तेल काचेच्या बाटलीत काढून पाहणे ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे. फेस असेल तर तो काही वेळाने विरतो. तो हवेचा असतो. ताकासारखा पांढरटपणा रात्रभर ठेवूनही राहिला किंवा तळाशी पाणी साचले, तर तेलात पाणी शिरले आहे. भाताच्या चिखलणीत चालणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये हे वारंवार आढळते. असे तेल सर्वच्या सर्व काढून टाकावे, पाणी आत येण्याची वाट असलेले सील बदलावे आणि मगच नवे तेल भरावे.

स्वच्छतेविषयी येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. पंप व झडपा यांतील फटी काही मायक्रॉनांपासून वीस-पंचवीस मायक्रॉनांपर्यंत असतात आणि माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे जी धूळ डोळ्यांस दिसत नाही, तीच यंत्र झिजविते. तेल खताच्या बादलीतून ओतणे, भिंतीवर टांगलेले धुळकट नरसाळे वापरणे, भाग सुती बोळ्यांनी पुसणे, हे सर्व वर्ज्य मानावे. बोळ्याचे तंतू आत राहतात. पाण्याच्या नळाला गुंडाळतात तसा धागा किंवा टेप हायड्रॉलिकच्या आट्यांवर गुंडाळू नये. त्याचा तुकडा तुटून झडपेत अडकतो. सांधा गळत असेल, तर ओ-रिंग किंवा बसण्याची जागा खराब झालेली असते व तीच दुरुस्त करावी लागते. फुगलेल्या होस पाइपावर सायकलची ट्यूब गुंडाळून काम भागत नाही; तो बदलावाच.

काही कारागीर सुरक्षा झडपेच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढवून देतात. त्या दिवशी लिफ्ट जोमाने उचलते, हे खरे. परंतु ती झडप यंत्रणा फुटू नये म्हणूनच बसविलेली असते. तिचा दाब मापकाविना बदलू नये.

ब्रेक

सर्वच ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालत नाहीत. अनेकांत पायटा व ब्रेक यांना सळई जोडते. त्यामुळे आपल्या यंत्रात कोणती रचना आहे, हे पुस्तिकेत पाहूनच हात घालावा. ब्रेकच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतील, तर निर्मात्याने सांगितलेलेच तेल भरावे. भलत्या तेलाने ब्रेक लावताच करकर आवाज येतो व पकड कमी होते. ब्रेक कोरडे असतील आणि एक्सलचे सील गळून लायनरवर तेल आले असेल, तर लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा बसविण्यात अर्थ नाही, कारण तेल त्यात मुरलेले असते. आधी सील बदलावे, मग लायनर. आणि लायनर दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

जीप, पिकअप, मालमोटार इत्यादी गाड्यांचे ब्रेक ऑईल निराळे असते. बहुतेक ब्रेक ऑईल खनिज तेलापासून केलेले नसते आणि आतील रबरी कप त्यालाच मानवतात. त्यात इंजिन ऑईल किंवा लिफ्टचे तेल घातले, तर कप फुगतात, ब्रेक धरून बसतात आणि शेवटी निकामी होतात. चुकून असे घडल्यास केवळ तेल बदलून भागत नाही. नळ्या धुऊन सर्व रबरी भाग नवे घालावे लागतात. रबरी भाग रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने धुऊ नयेत. ताज्या ब्रेक ऑईलने धुवावेत.

ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही. पण सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरू शकते. देशावरून भाजीपाला घेऊन कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरणारी गाडी सतत ब्रेकवर ठेवली, तर चाकाजवळचे तेल तापते, त्यात वाफ होते आणि पायटा एकाएकी तळाला जातो. गाडी थांबवून तासाभराने तपासावी, तर काहीच दोष आढळत नाही, कारण वाफ पुन्हा पाणी झालेली असते. यास्तव हे तेल साधारणतः दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत कमी मुदत असेल तर तेव्हा, बदलावे. आणि ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये घाट उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणे हा फार महाग पडणारा काटकसरीचा मार्ग आहे.

पायट्यावरून दोष बराचसा ओळखता येतो. पायटा लिबलिबीत लागत असेल, तर नळ्यांत हवा आहे. दाबून धरला असता हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरचे कप किंवा कोठला तरी सांधा गळतो आहे. गाडी एका बाजूस ओढत असेल, तर एका चाकाचा ब्रेक कमी लागतो आहे किंवा दुसऱ्याचा सुटत नाही.

हवा काढण्यास दोन माणसे लागतात. मास्टर सिलिंडरची टाकी भरावी आणि सामान्यतः सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करावा. चाकामागील निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतील ब्रेक ऑईलमध्ये बुडवावे. एकाने पायटा दाबून धरावा, दुसऱ्याने निपल सैल करावे. तेल व बुडबुडे बाहेर पडताच निपल आवळावे आणि मगच पायटा सोडावा. हा क्रम उलटला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत असे करावे व मधून मधून टाकी भरीत राहावी. बाहेर आलेले तेल पुन्हा वापरू नये.

ट्रॅक्टरला मागील दोन चाकांसाठी दोन वेगळे पायटे असतात, ते शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून. रस्त्यावर जाण्यापूर्वी ते खिटीने जोडावेत. वेगात असताना एकच पायटा दाबला गेला, तर ट्रॅक्टर जागीच फिरून उलटतो. दोन्ही ब्रेक सारखे आहेत की नाही, हे मोकळ्या मातीच्या जागेत पाहावे. पायटे जोडून, संथ चालीत ब्रेक लावावा आणि दोन्ही टायरांचे घसरलेले माग मोजावेत. एक माग लांब व दुसरा आखूड असेल, तर ब्रेक जुळवून घ्यावेत.

गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन ट्रॉल्या जातात. ट्रॅक्टरचे वजन साधारण दोन टन असते, मागील ओझे त्याच्या कित्येक पट. वेग ताशी १० वरून २० किलोमीटर झाला, तर थांबविण्यासाठी जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते, आणि ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर हा सारा भार ट्रॅक्टरच्या दोन चाकांवर पडतो. उतारावर ट्रॉली पुढे रेटते आणि ट्रॅक्टर आडवा होतो. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रॉलीचे ब्रेक, जोडपिन व तिची खिटी हीही तपासून घ्यावीत. भरलेली ट्रॉली प्रथम कारखान्याच्या रस्त्यावर नेऊ नये. सपाट, निर्मनुष्य वाटेवर संथ गतीने चालवून, थांबवून पाहावी. पहिल्या दिवशी संध्याकाळी सर्व सांधे व चाकांच्या आतील बाजू कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा पाहाव्यात. ताजी ओल दिसली तर दुसऱ्या दिवशीची खेप काढू नये.