गवती चहा व त्यांतील तरतरीचा हिशेब

आमच्या खानदेशांत जळगांवपासून धुळ्यापर्यंत कोणत्याही शेतकऱ्याच्या घरीं गेलें असतां पाण्याच्या तांब्यामागोमाग चहा येतो. पावसाळ्यांत त्यांत मोरीजवळच्या ठोंबाची दोनचार पाती पडतात व लिंबासारखा वास घरभर दरवळतो. हा गवती चहा सर्वांच्या ओळखीचा असला, तरी त्यापासून काय मिळतें व काय मिळत नाहीं, याविषयीं बराच गैरसमज आहे. आम्हीही त्या गैरसमजांत होतों, व त्याचें प्रायश्चित्त आम्हांस चार दिवस भोगावें लागलें. तो अनुभव व त्यापासून घेतलेला धडा वाचकांपुढें ठेवीत आहों.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां दिवसास आठ कप चहा ही आमची नेहमीची मात्रा होती. सेवानिवृत्तीनंतर रात्रीं झोप येईनाशी झाली. तेव्हां आम्हीं चहा एकदम सोडला आणि त्याच्या जागीं नुसत्या गवती चहाचें पाणी सुरू केलें. दुसऱ्या दिवशीं डोकें असें ठणकूं लागलें कीं, हातांतला सातबाऱ्याचा उतारा वाचवेना. 'गवत उष्ण पडलें,' असा निकाल शेजाऱ्यांनीं दिला. आम्हींही तो मान्य करून मोरीजवळचा ठोंब उपटून उकिरड्यावर टाकला. पांचव्या दिवशीं डोकें आपोआप थांबलें. पुढें पाऊस लागतांच तो ठोंब उकिरड्याच्या कडेलाच फुटला. अपराध त्याचा नव्हता, हें आम्हांस मागाहून समजलें.

चहापुडीनें जी तरतरी येते, ती कॅफीन नांवाच्या द्रव्यामुळें. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८१९ सालीं हें द्रव्य कॉफीच्या बियांतून वेगळें काढलें. चहांतील द्रव्यही तेंच आहे, असें १८३८ सालीं सिद्ध झालें. एक कप चहांत तें साधारणपणें ३० ते ५० मिलिग्रॅम असतें. शरीरास रोज त्याची सवय होऊन तें एकाएकीं बंद झालें, तर १२ ते २४ तासांत डोकें दुखूं लागतें, आळस व चिडचिड होते, आणि ही पीडा दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत राहूं शकते. गवती चहांत कॅफीन मुळींच नाहीं. त्याचा वास सिट्रल नांवाच्या तेलद्रव्याचा असतो. सारांश, वास गवताचा व तरतरी चहापुडीची, असा हा हिशेब आहे. दक्षिण अमेरिकेंत येर्बा माते नांवाच्या झाडाचीं पानें उकळून पितात, त्यांत कॅफीन असतें. परंतु आपल्या मोरीजवळच्या ठोंबांत तें शोधणें व्यर्थ होय.

ओळख.— सातपुड्याच्या उतारावर रोशा गवत आपोआप उगवतें. त्याचें तेल काढण्याचा धंदा पूर्वीं खानदेशांत चालत असे, व तें तेल सुगंधी द्रव्यांत घालतात. तें गवती चहाच्याच जातकुळीचें आहे, पण चहांत घालावयाचें गवत तें नव्हे. रोशाचें पान बुडाशीं रुंद असून कांडास वेढतें, व पावसाळ्याअखेर त्यास तुरे येतात. गवती चहाचें पान लांब व चिंचोळें असतें, कडेनें हात कापतो, आणि लावलेल्या ठोंबास तुरा क्वचितच येतो. म्हणून केवळ वासावर भरंवसा ठेवून रानांतलें गवत उकळूं नये. माहितीच्या घरचा ठोंब आणावा.

लागवड.— बीं मिळण्याची वाट पाहूं नये. जुना ठोंब फोडून मुळांसह फुटवे काढावे, पाती वीतभर ठेवून छाटावी, व पावसाळ्याच्या आरंभीं दोन दोन फुटांवर लावावे. मोरीच्या पाण्याचा ओलावा चालतो, मात्र पाणी तुंबूं देऊं नये. चार महिन्यांनीं जमिनीपासून चार बोटें राखून पहिली कापणी करावी. चारपांच वर्षांनीं ठोंब फोडून जागा बदलावी. एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी : कपाशीच्या बांधावर हा ठोंब लावूं नये. तेथें फवारलेलें औषध पातीवर पडतें, व तें धुतल्यानें सर्व जाईलच अशी खात्री नसते.

कृति.— दोन कप पाण्यास तीनचार ताजी पाती धुऊन, गांठ मारून टाकावी. आल्याचा लहान तुकडा ठेंचून घालावा. झांकण ठेवून पांच मिनिटें उकळावें. उघडें उकळल्यास वास वाफेबरोबर निघून जातो. चहापूड घालावयाची असल्यास ती शेवटीं घालून दोन मिनिटांत भांडें उतरावें. फार कढविल्यानें तुरटपणा मात्र वाढतो. गूळ घालावयाचा असेल, तर दूध निराळें तापवून, भांडें उतरल्यावर मिसळावें. नाहीं तर दूध फाटतें. वाळवण करावयाचें तर पाती सावलींत वाळवावी. उन्हानें वास उडतो.

ज्यांस चहा कमी करावयाचा आहे, त्यांनीं आमच्यासारखी घाई करूं नये. आम्ही दुसऱ्या खेपेस दर चार दिवसांनीं एक एक कप बिनपुडीचा केला, व आरंभ संध्याकाळच्या कपापासून केला. कारण, पोटांत गेलेलें कॅफीन निम्मे होण्यास सुमारें पांच तास लागतात. सायंकाळीं पांचास घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल रात्रीं दहास शिल्लक असतो. अशा रीतीनें सहा कप सुटले, डोकें दुखलें नाहीं, व झोपही परत आली. सकाळचे दोन कप आम्हीं राखले आहेत. त्यांत आम्हांस कांहीं लाज वाटत नाहीं.

घरांतील स्त्रियांविषयीं एक सूचना अवश्य करावीशी वाटते. चहापुडींतील तुरट द्रव्य अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. भाकरीबरोबर चहा घेण्याची आपल्याकडील चाल रक्त कमी असणाऱ्या स्त्रीस अपायकारक आहे. जेवण व चहा यांत एक तासाचें अंतर ठेवावें, आणि गरोदर स्त्रीनें दिवसाचें कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आंत राखावें. लहान मुलांस तर पुडीचा चहा देऊंच नये.

उकिरड्यावरचा तो ठोंब आम्हीं सन्मानानें परत मोरीजवळ आणून लावला. आज त्याचे फुटवे गल्लींतील पांच घरीं गेले आहेत. हा मजकूर वाचून कोणी शेतकरी बंधु आपल्या ठोंबाचा एक फुटवा शेजाऱ्यास देईल, व देतांना वरील हिशेबही सांगेल, तर आमचा लेख सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.