‘शॅल’ आणि ‘मे’ : राज्यघटनेतील दोन इंग्रजी क्रियापदे

‘आय’ व ‘वी’ या कर्त्यांसोबत ‘शॅल’ आणि इतरांसोबत ‘विल’, हा भविष्यकाळाचा नियम आपण शाळेत शिकतो. राज्यघटनेचा इंग्रजी पाठ वाचताना मात्र तो पुरेसा ठरत नाही. तेथे राष्ट्रपती, संसद, राज्य असे तृतीयपुरुषी कर्ते असूनही ‘शॅल’ येते. येथे हे क्रियापद काळ दर्शवीत नाही, तर कर्तव्य सांगते. ‘मे’ अधिकार किंवा मुभा देते. दोन्ही सहायक क्रियापदे असून कर्त्यानुसार त्यांचे रूप बदलत नाही. त्यांच्यापुढे ‘टू’ न लागता मूळ क्रियापद येते. ‘शॅल’पुढे ‘नॉट’ आल्यास कर्तव्याची मनाई होते.

अनुच्छेद ७४ हे याचे उत्तम उदाहरण आहे. ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) राष्ट्रपतींनी मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानुसार वागण्याबाबत ‘शॅल’ योजले. ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) सल्ल्याचा फेरविचार करण्यास सांगण्यासाठी ‘मे’ आले. फेरविचारानंतरच्या सल्ल्यासाठी पुन्हा ‘शॅल’. म्हणजे राष्ट्रपती सल्ला एकदा परत पाठवू शकतात, पण फेरविचारानंतर आलेला सल्ला त्यांच्यावर बंधनकारक असतो.

शिक्षणाच्या तरतुदीत ‘शॅल’ला जोडून येणारे क्रियापदही निर्णायक ठरले. मूळ अनुच्छेद ४५ मध्ये ‘शॅल’ला ‘प्रयत्न करणे’ या अर्थाचे क्रियापद जोडलेले होते. शिवाय हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने न्यायालयामार्फत त्याची अंमलबजावणी करून घेता येत नव्हती. ८६ व्या दुरुस्तीने (२००२) मूलभूत हक्कांत अनुच्छेद २१-क आला. त्यात ‘शॅल’ थेट शिक्षण ‘पुरविणे’ या क्रियापदाला जोडले गेले. ते कोणत्या रीतीने पुरवावे, हे कायद्याने ठरविण्यासाठी तेथेच ‘मे’ आहे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचा हा हक्क, त्यासाठीच्या २००९ च्या कायद्यासह, १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला.

तथापि, ‘शॅल’ दिसताच तरतूद बंधनकारक मानणे चूक ठरेल. अनुच्छेद ३२० (३) मध्ये लोकसेवा आयोगाशी विचारविनिमय करण्याबाबत ‘शॅल’ असूनही, मनबोधन लाल श्रीवास्तव खटल्यात (१९५७) सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद केवळ निदेशात्मक ठरविली. म्हणून विद्यार्थ्यांनी प्रत्येक अनुच्छेद वाचताना तीन प्रश्न विचारावेत : कर्ता कोण, ‘शॅल’ आहे की ‘मे’, आणि पुढचे क्रियापद कोणते? त्यानंतर तरतुदीचा हेतू व न्यायालयीन अन्वयार्थ पाहावा.