मक्याचा बहुवर्षायु भाऊबंद : ट्रिप्सॅकम गवत

संकरित मक्याचें बीं दरवर्षीं विकत घ्यावें लागतें, हें वाचकांस ठाऊकच आहे. घरचें बीं राखून पेरिलें असतां पुढील पिढींत गुण विभागले जाऊन पीक एकसारखें येत नाहीं. या खर्चावर इलाज ज्या रानगवतांत सांपडेल अशी शास्त्रज्ञांस आशा वाटली, त्याची माहिती येथें देत आहों.

या गवताच्या वंशास ट्रिप्सॅकम म्हणतात. तो मूळचा अमेरिका खंडांतील असून मेक्सिको व मध्य अमेरिकेंत त्याच्या जाती विशेष आढळतात. मका एका हंगामांत मरतो. हें गवत त्याच ठोंबांतून वर्षानुवर्षें फुटतें. मक्याचा तुरा निराळा व कणीस निराळें. यांत एकाच कणसावर खालीं मादीफुलें व वर नरफुलें असतात. दाणा कठीण कवचांत असून पिकतांच कणीस पेऱ्यापेऱ्यानें गळतें. उत्तर अमेरिकेंतील जातीचीं मुळें घट्ट चिकणमातीच्या थरांतूनहि खोल उतरतात. जनावरें तें इतक्या आवडीनें खातात कीं, मोकाट चराईमुळें तें पुष्कळ ठिकाणांहून नाहींसें झालें.

या वंशांतील 'ग्वाटेमाला गवत' आपल्याजवळहि आलेलें आहे. श्रीलंकेंत व दक्षिण भारतांत चहाचीं जुनीं झाडें उपटल्यावर जमीन सुधारण्यासाठीं तें लावितात. त्यास उगवणारें बीं धरत नाहीं. म्हणून कांड्या किंवा ठोंब लावावे लागतात.

मँगेल्सडॉर्फ व रीव्ह्ज यांनीं मका व ट्रिप्सॅकम यांच्या संकराचा वृत्तांत १९३१ सालीं प्रसिद्ध केला. मक्यांत २० गुणसूत्रें, तर या गवतांत ३६ किंवा ७२. त्यामुळें अशा संकराची संतति बहुधा वांझ निघते.

खरें महत्त्व ७२ गुणसूत्रांच्या गवतास आहे. त्यांत गर्भ फलनावांचून तयार होतो. पराग लागतो तो केवळ दाण्यांतील पिठूळ भाग भरण्यासाठीं. म्हणून बियांपासून झालेलें रोप मातेसारखेंच हुबेहूब निपजतें. हा गुण मक्यांत उतरला तर संकरित बीं शेतकऱ्यास घरींच राखतां येईल. मेक्सिकोंतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रांत फ्रेंच शास्त्रज्ञांच्या साह्यानें १९९० नंतर यासाठीं पुष्कळ खटपट झाली. परंतु या गवतापासून तसा मका अद्याप शेतकऱ्यांच्या हातीं आलेला नाहीं.

तोंवर संकरित मक्याचें घरचें बीं पेरूं नये. ज्यास बीं राखावयाचें असेल त्यानें संमिश्र वाण घ्यावा. वैरणीचा आफ्रिकन टॉल हा असाच वाण आहे. मक्याचा पराग वाऱ्यानें उडतो. म्हणून बियांचा तुकडा इतर मक्यापासून दूर ठेवावा व कणसें मधल्या भागांतील निरोगी झाडांचींच निवडावीं.