आरोग्य सदर : धावणाऱ्या मुलीचे ताट

आसेगावहून मंगरूळपीरच्या दिशेने पहाटे निघालात तर रस्त्याच्या कडेने धावणारी मुले-मुली हमखास दिसतील. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. मुलींना त्यात ८०० मीटर आणि १०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी या रस्त्यावर धावणारी मुलगी दिसली असती तर लोक थांबून पाहत राहिले असते. आज कोणी वळूनही बघत नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. पण मुलगी धावू लागली की तिच्या शरीराच्या गरजा बदलतात आणि त्याकडेही कोणी वळून बघत नाही. आजचा लेख त्यासाठी आहे.

गेल्या हिवाळ्यात जवळच्या एका खेड्यातील एकोणीस वर्षांची मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) उजव्या नडगीत दुखते, एवढीच तिची तक्रार होती. भरतीचे मैदान दोन महिन्यांवर आले होते. "डॉक्टरसाहेब, एखादं इंजेक्शन द्या, म्हणजे पयता येईन," ती म्हणाली. नडगीवर हात फिरवला तेव्हा एका ठिकाणी, अगदी बोटाच्या टोकाएवढ्या जागी दाबताच ती कळवळली. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ४१ किलो. मी विचारले, पाळी कधी आली होती? मुलगी गप्प. आईनेच सांगितले, "पाच महिने झाले. थे त बरंच हाय न डॉक्टरसाहेब, पोरीले पयाले मोकयं रायते."

वाचकहो, 'बरंच हाय' हा समज किती घातक आहे ते पुढे पाहू. त्याआधी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

मी नुकताच दवाखाना थाटला होता तेव्हाची गोष्ट. खो-खो खेळणारी एक शाळकरी मुलगी वडिलांबरोबर आली होती. धाप लागे, चक्कर येई. चेहरा पांढराफटक. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि वडिलांना म्हणालो, "हिचे खेळणे बंद करा." पाळीत रक्त किती जाते, घरी काय जेवते, यातले मी काहीही विचारले नाही. तरुण पुरुष डॉक्टर, समोर वडील. मला संकोच वाटला. पुष्कळ वर्षांनी ती एका लग्नात भेटली. हसतच म्हणाली, "काका, तुम्ही माझं मैदान सोडवलं." हसत म्हणाली तरी ते मला लागले. तिचा आजार खेळामुळे झालेला नव्हता. रक्त कमी होते आणि ते भरून निघाले असते. मी आजाराचे कारण न शोधता खेळ बंद केला.

ऑलिम्पिकमध्येही हेच घडले

ही चूक माझ्यासारख्या खेड्यातल्या डॉक्टरनेच केली असे नाही. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी पहिल्यांदा ८०० मीटरची शर्यत झाली. शर्यतीनंतर धावपटू दमून पडल्याच्या बातम्या रंगवून छापल्या गेल्या. इतके अंतर स्त्रीच्या शरीराला झेपत नाही, असे जाणकार म्हणवणाऱ्यांनी ठरवले आणि ती शर्यतच रद्द झाली. ती परत आली १९६० साली, रोममध्ये. म्हणजे आपल्या मुली भरतीसाठी जे अंतर धावतात, तेच अंतर जगातल्या उत्तम धावपटू स्त्रियांना ऑलिम्पिकमध्ये ३२ वर्षे नाकारले गेले. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये यायला १९८४ उजाडले, तर अडथळ्यांची ३००० मीटर शर्यत, म्हणजे स्टीपलचेस, यायला २००८.

आणि आपल्या मुलींनी काय केले? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत अनवाणी धावायला लागली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. लोक तिला 'सावरपाडा एक्स्प्रेस' म्हणू लागले. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची शेतकऱ्याची मुलगी ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषा अंतिम फेरीत धावली होती. त्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय स्त्री धावण्याच्या वैयक्तिक प्रकारात तिथवर पोचली. या दोघी काही सोयीसुविधांत वाढलेल्या नव्हत्या. तेव्हा 'खेड्यातल्या पोरीला हे झेपणार नाही' असे कोणी म्हटले तर ही दोन नावे सांगावीत.

पाळी का थांबते?

आता मूळ प्रश्न. आपण जे जेवतो त्यातून शरीराला शक्ती मिळते. धावणारी मुलगी त्यातली बरीच शक्ती धावण्यात खर्च करते. उरलेल्या शक्तीत हृदय, मेंदू, हाडे, रक्त आणि पाळी हे सगळे चालवायचे असते. घरात धान्य कमी पडले की शहाणी बाई आधी सणवार बंद करते आणि रोजची चूल चालू ठेवते. शरीरही तसेच करते. मेंदूतील एक छोटे केंद्र अंदाज घेते की शक्ती पुरत नाही, आणि पाळी चालवणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाण उतरवते. पाळी लांबते, मग थांबते.

हा बदल एवढ्यावर थांबत नाही. पाळीच्या चक्रातले इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक हाडे मजबूत ठेवते. ते घटले की हाडे विरळ होऊ लागतात. आयुष्यभर पुरणारी हाडांची बहुतेक ठेव साधारण वीस वर्षांच्या आतबाहेर जमा होते. नेमक्या त्याच वयात ही ठेव मोडली तर पुढे ती पूर्ण भरून येईलच असे नाही. अशा कमजोर हाडावर रोज धावण्याचे आघात होत राहिले की त्याला केसासारखी बारीक भेग पडते. आमच्या मुलीची नडगी दुखत होती ती त्यामुळेच.

कमी आहार, थांबलेली पाळी आणि विरळ हाडे या तीन गोष्टी खेळाडू स्त्रियांत एकत्र आढळतात, हे क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांनी १९९२ साली स्पष्टपणे मांडले. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याचा आवाका वाढवून सांगितला. शक्ती अपुरी पडली की हृदय, प्रतिकारशक्ती, मन आणि स्नायू या सगळ्यांवर परिणाम होतो, आणि मुलांनाही हा त्रास होऊ शकतो. म्हणजे ज्या वेगासाठी मुलगी उपाशी राहते, तो वेगच शेवटी घटतो.

आमची मुलगी काय खात होती? पहाटे चहा. धावून आल्यावर चहा आणि दोन टोस्ट. दुपारी एक भाकरी आणि भाजी. रात्री जवळजवळ काही नाही, कारण मैदानावर कोणीतरी सांगितले होते, "वजन कमी केलं की टाइम कमी लागते." २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगाट १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याने अंतिम लढतीच्या सकाळी अपात्र ठरली. ते सगळ्यांनी पाहिले. पण कुस्तीला वजनगट असतो. पोलीस भरतीच्या धावण्याला वजनगट नाही. तिथे उपाशी राहून मिळवायचे काहीच नसते.

रक्ताची बाब

तिचे हिमोग्लोबिन ९.२ भरले. पंधरा वर्षांवरील, गरोदर नसलेल्या स्त्रीत ते किमान १२ असावे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्त प्राणवायू वाहून नेते. ते कमी असले की ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत पाय जड होतात, आणि मुलगी समजते की सराव कमी पडला. ती सराव आणखी वाढवते. दुष्टचक्र सुरू होते.

शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी मुली टाकून देतात, तसे करू नका. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. गोळी घेताना लिंबूपाणी घ्यावे, चहा मात्र तास-दीड तास टाळावा. हिमोग्लोबिन कमी असल्यास गोळ्या किती व किती महिने घ्यायच्या हे डॉक्टरांना विचारा. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, किंवा पॅड तासा-दोन तासांत भरत असेल तर तेही सांगा.

पाळीत धावावे का?

हा प्रश्न मुली कुजबुजत विचारतात. उत्तर असे की त्रास नसेल तर खुशाल धावावे. गर्भाशयाला काही इजा होत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई हिने शर्यतीनंतर कॅमेऱ्यासमोर सांगितले की तिची पाळी आदल्या रात्री सुरू झाली आहे, म्हणून थकवा वाटतो. साऱ्या जगाने ते ऐकले. आपल्या मैदानावर मात्र मुलगी शिक्षकांना 'पोट दुखते' एवढेही सांगू शकत नाही. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. ताकदीच्या नावाने मिळणारी इंजेक्शने आणि डबाबंद पावडरीही तशाच टाळा.

काय करावे?

धावणाऱ्या मुलीच्या घरच्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. धावायला जाण्यापूर्वी एखादे केळे किंवा मूठभर फुटाणे-गूळ द्यावेत. आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर न्याहारी हवी. चहा-टोस्ट म्हणजे न्याहारी नव्हे.

२. दोन्ही वेळच्या ताटात भाकरी किंवा पोळी, घट्ट वरण, भाजी हवी. उसळ, शेंगदाणे, दूध-दही आणि चालत असल्यास अंडे रोज. आपल्या जिल्ह्यात सोयाबीन पोत्यांनी पिकते आणि सगळे बाजारात जाते. थोडे घरी ठेवून, भिजवून, नीट शिजवून खावे. ते कच्चे खाऊ नये.

३. घरातले सगळे जेवल्यावर उरलेले मुलीने खायचे, ही रीत सोडावी.

४. पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहावी. तीन महिने पाळी आली नाही, किंवा वयाची पंधरा वर्षे झाली तरी सुरू झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईड, अंडाशयाचे विकार, गर्भधारणा अशी इतर कारणेही तपासावी लागतात. म्हणून घरीच निदान करू नये.

५. हाडावर एकाच ठिकाणी दुखत असेल आणि धावताना वाढत असेल, तर धावणे थांबवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये भेग दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही.

६. मैदानावर स्वच्छतागृह नसेल तर मुली पाणीच पीत नाहीत. गावाने याकडे लक्ष द्यावे. आणि मुलगी अचानक मैदानावर जायचे नाही म्हणाली, तर रागावण्याआधी तिथे कोणी त्रास देते का, हे आईने शांतपणे विचारावे.

आता त्या मुलीचे काय झाले ते सांगतो. इतर तपासण्या ठीक निघाल्या. मी तिला आठ आठवडे न धावण्यास सांगितले. म्हणजे भरती हुकणार. ती रडली, आणि रागावलीही. बाहेर वडील म्हणाले, "साहेब, पुढची भरती कवा निंघन, कोनाले ठाऊक?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पण या वेळी मी 'खेळ बंद करा' म्हटले नाही. दुखणार नाही असे हातांचे आणि पोटाचे व्यायाम चालू ठेवले, आणि ताट कसे असावे ते आईला समजावून दिले. भरती हुकली. चौथ्या महिन्यात पाळी आली. वजन ४६ किलो झाले, हिमोग्लोबिन ११.४. नडगीवर दाबले तरी दुखेना, तेव्हा आधी चालणे, मग हळूहळू धावणे सुरू केले.

परवा पहाटे ती रस्त्यावर दिसली. पुढच्या भरतीत ती निवडली जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. गाडी हळू करून विचारले, "काही खाऊन निघालीस का?" तिने न थांबता हात वर केला. मुठीत शेंगदाणे होते.