पुढच्यास ठेच

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात २०१८ साली एका दुकानातून महागडी घड्याळं चोरीला गेली. कॅमेऱ्याच्या अंधूक चित्रणातला चेहरा पोलिसांच्या संगणकाने एका कृष्णवर्णीय माणसाच्या वाहन परवान्यावरच्या जुन्या फोटोशी जुळवला आणि जानेवारी २०२०मध्ये बायको-मुलींदेखत त्याला बेड्या पडल्या. चोर दुसराच होता. ‘यंत्र फक्त धागा देतं, शहानिशा माणूसच करतो,’ असं चेहरा ओळखण्याच्या या तंत्राचे समर्थक सांगतात. मला खरा धोका त्या शहानिशेतच दिसतो, कारण डेट्रॉइटमध्ये तीही झाली होती. सहा फोटो मांडून चोर ओळखायला सांगितलं ते कोणाला? चोरी डोळ्यांनी न पाहिलेल्या, फक्त चित्रण पाहिलेल्या सुरक्षा कर्मचारी बाईंना. असंख्य फोटोंतून मिळताजुळता चेहरा यंत्राने आधीच वेचून दिलेला; मग बोट दुसरीकडे जाणार कसं? कागदोपत्री पुरावे दोन झाले, प्रत्यक्षात एकच साम्य दोनदा मोजलं गेलं.

‘यंत्रं आता सुधारली आहेत,’ हेही खरंच. पण साठ्यात फोटो जितके वाढतात, तितकी सारख्या चेहऱ्यांची माणसंही वाढतात. अंधूक चित्र मुळात अंधूकच राहतं. हेच तंत्र वापरणाऱ्या दिल्ली पोलिसांनी २०२२मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ८० टक्क्यांहून जास्त साम्य म्हणजे जुळणी. हे ८० टक्के चेहऱ्याच्या ठेवणीचे आहेत. गुन्हा त्या माणसानेच केल्याची ती ८० टक्के खात्री नव्हे. ‘मग गुन्हेगार मोकाट सोडायचे का?’ उलट, भलताच माणूस कोठडीत असतो तेव्हाच खरा गुन्हेगार निर्धास्त फिरतो.

डेट्रॉइट पोलिसांनी या प्रकरणातल्या २०२४च्या तडजोडीत मान्य केलं, की नुसत्या जुळणीवर किंवा तिच्यामागोमाग घेतलेल्या फोटो-ओळखीवर अटक करायची नाही. आपल्याकडेही वकिलांनी आरोपपत्र वाचताना आधी हे पाहावं, की नाव प्रथम सुचवलं कोणी, साक्षीदाराने की संगणकाने? मूळ चित्र, साम्याची टक्केवारी आणि यंत्राने सुचवलेल्या यादीतले बाकीचे चेहरे लेखी मागावेत. आरोपीच्या घरच्यांनी गुन्ह्याच्या दिवसाची हजेरी, तिकिटं, पावत्या ताबडतोब गोळा कराव्यात. सीसीटीव्हीचं चित्रण फार दिवस टिकत नाही. आणि तपास अधिकाऱ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही जुळणी बाजूला ठेवली, तर या माणसाविरुद्ध माझ्या हातात काय उरतं? काहीच उरत नसेल, तर अटकेचीही घाई नको.