विद्यापीठात कुस्ती सुरू करायची तर खर्च किती?

क्रीडा शिक्षकांसाठी, विद्यार्थी पैलवानांसाठी आणि पालकांसाठी: अंदाजपत्रक, निधी आणि प्रस्ताव

विद्यापीठात किंवा महाविद्यालयात कुस्तीचं केंद्र मागायला गेलं की बैठकीत पहिला प्रश्न येतो, "गादी केवढ्याला पडते?" गादी म्हणजे मॅट. तिचा भाव ऐकून मागणी एकतर तिथेच बाजूला पडते, नाहीतर गादी मंजूर होते आणि वर्षभरात ती धूळ खात पडते. दोन्ही वेळा चूक एकच होते. गादीचा पैसा एकदाच लागतो. केंद्र चालतं की बंद पडतं, हे ठरतं दर महिन्याला लागणाऱ्या पैशावर, म्हणजे वस्ताद, खुराक आणि प्रवासावर. म्हणून मागणी करायची ती तीन वर्षांच्या खर्चाची.

पुढचे भाव अंदाजपत्रकाचा सांगाडा उभा करण्यासाठी धरलेले आहेत. गावानुसार आणि वर्षानुसार ते बदलतील. प्रस्तावात आकडा घालण्यापूर्वी प्रत्येक मोठ्या वस्तूची तीन दरपत्रकं घ्या, आणि त्यांत कर, वाहतूक व जोडणी धरली आहे का ते विचारा.

विद्यापीठानेच का?

स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक १९५२ साली हेलसिंकीत मिळालं, ते कुस्तीत. मिळवणारे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ साल उजाडलं. ते स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिसला नेमबाजीत मिळवलं. मधल्या ७२ वर्षांत महाराष्ट्राच्या तालमी ओस नव्हत्या. कोल्हापूरच्या खासबागेत मैदानं होत होती, १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा होत होती. ऑलिंपिकची कुस्ती मात्र गादीवर होते, आणि आपल्या गावाकडच्या पोराची बहुतेक मेहनत मातीत होते.

शिवाय अठरा ते तेवीस या वयात पैलवानापुढे एक कठीण निवड येते. तालमीत राहायचं तर कॉलेज सुटतं आणि कॉलेज धरलं तर मेहनत सुटते. गादी, वस्ताद, वसतिगृह आणि परीक्षा या चारही गोष्टी एका आवारात देऊ शकेल अशी संस्था विद्यापीठच आहे. पुढची वाटही तयार आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग भारतीय विद्यापीठ महासंघाची अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि २०२० मध्ये भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पदवी हातात असलेल्या पैलवानालाच त्याचा पुरा लाभ घेता येतो.

एकदाच होणारा खर्च

नमुना म्हणून ३० पैलवानांचं केंद्र धरू: २० मुलगे, १० मुली. छप्पर असलेली जागा आधीच आहे असं मानू. ती नसेल तर बांधकामाचा प्रस्ताव वेगळा करा. दोन्ही एकत्र केले की बांधकाम रखडतं आणि त्याच्याबरोबर कुस्तीही रखडते.

• गादी, १२ मीटर × १२ मीटर: ६,००,०००
• गादीखालची सपाटी आणि भिंतींना पॅडिंग: १,००,०००
• तांबड्या मातीचा हौदा: १,००,०००
• दोर, मुद्गल, डावांच्या सरावाचे पुतळे, वजनांचा संच: १,५०,०००
• वजनकाटा, प्रथमोपचार, बर्फपेटी: ४०,०००
• मुलींची कपडे बदलण्याची खोली आणि स्वच्छतागृह: १,५०,०००
• एकूण: ११,४०,००० रुपये

गादी घेताना दोन गोष्टी बघा. लढतीचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं असतं आणि भोवती सुरक्षेची पट्टी लागते, म्हणून १२ मीटरची बाजू. त्याहून लहान गादी सरावाला चालते, पण तिच्यावर स्पर्धा भरवता येत नाही. दुसरं, भिंत आणि गादी यांच्यात दीड-दोन मीटर मोकळे ठेवा. जागा कमी असेल तर पॅडिंगवर काटकसर करू नका. गादीच्या कडेला फेकलेला पैलवान भिंतीवरच आदळतो.

हौद्याचा हिशेब ब्रासमध्ये करा. २० फूट × २० फूट आणि २ फूट खोल म्हणजे ८०० घनफूट, म्हणजे ८ ब्रास माती. ब्रासला ५,००० धरले तर माती ४०,०००. खोदाई, कडेचं बांधकाम, माती चाळणं, आणि तीत मिसळायचं ताक, लिंबू, हळद, तेल यांना उरलेले ६०,०००. गादी असताना माती कशाला, असा प्रश्न येईल. मातीत दम वाढतो आणि पकड घट्ट होते. शिवाय गावाकडून आलेला पोरगा पहिले काही महिने ओळखीच्या जमिनीवर राहतो. बजेट तोकडं असेल तर हौदा पुढच्या वर्षावर टाका, पण गादी टाकू नका.

दर वर्षी होणारा खर्च

• मुख्य प्रशिक्षक, दरमहा ४०,०००: ४,८०,०००
• महिला सहायक प्रशिक्षक, दरमहा २५,०००: ३,००,०००
• १२ निवडक पैलवानांचा खुराक: ७,२०,०००
• ३० जणांचे बूट आणि पोशाख: १,५०,०००
• तीन स्पर्धांचा प्रवास: २,७५,०००
• फिजिओथेरपिस्ट, औषधं, अपघात विमा: १,२०,०००
• साफसफाई, वीज, दुरुस्ती: ६०,०००
• नवी गादी घेण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम: ७५,०००
• एकूण: २१,८०,००० रुपये

तीन वर्षांचा खर्च मिळून ७६ लाख ८० हजार होतो. त्यात ६ लाखांच्या गादीचा वाटा ८ टक्क्यांहूनही कमी आहे. बैठकीत बोलायला उभे राहाल तेव्हा ही बेरीज सगळ्यांत आधी सांगा.

*प्रशिक्षक.* पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असलेला प्रशिक्षक घ्या, किंवा राष्ट्रीय पातळीवर गादीवर खेळलेला माणूस घ्या. जुन्या वस्तादाकडे डावांचं भांडार असतं. पण गुणांचे नियम, वेळेचं गणित आणि वजनाचं नियोजन गादीवर वावरलेल्याला जास्त कळतं. शक्य असेल तर वस्तादांना आठवड्यातून दोन दिवस मानधनावर बोलवा. तासिका तत्त्वावर मुख्य प्रशिक्षक नेमू नका. कुस्तीची मेहनत पहाटे आणि संध्याकाळी अशी दोनदा असते. तासावर पैसे मिळणारा माणूस पहाटे साडेपाचला रोज येणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावरही अन्यायाचं आहे.

*खुराक.* सगळ्यांत जास्त चर्चा इथेच होते, म्हणून हिशेब उघडा मांडा. दीड लिटर दूध ९० रुपये, ४० ग्रॅम बदाम ३६, चार अंडी २८, चार केळी २०, २५ ग्रॅम तूप साधारण १८. बेरीज १९२ होते, म्हणून दिवसाला २०० धरा. वर्षाचे ३०० दिवस आणि १२ पैलवान मिळून ७ लाख २० हजार. तिसांनाही द्यायचं तर हाच आकडा १८ लाखांवर जातो. पहिल्या वर्षी ते झेपत नसेल तर निवडीचे निकष लेखी ठेवा: हजेरी, स्पर्धेतली कामगिरी आणि घरची परिस्थिती. ही रक्कम म्हणजे वसतिगृहाच्या जेवणावरची भर आहे, जेवणाचा पर्याय नव्हे. शेतमजुराच्या घरचा मुलगा कुस्ती सोडतो तेव्हा बहुधा कारण हेच असतं. घरून दुधाचे पैसे येणं बंद झालेलं असतं.

*पोशाख.* बुटांना २,५००, लाल आणि निळा असे दोन पोशाख प्रत्येकी १,०००, सरावाचे कपडे ५००. माणशी ५,००० होतात.

*प्रवास.* १५ पैलवान आणि ३ जण सोबत, असे १८. जाण्यायेण्याचे १,५०० आणि सहा दिवसांच्या राहण्याजेवणाचे ३,६०० धरले, तर एका स्पर्धेला ९१,८०० लागतात. जाण्यायेण्याची तिकिटं लवकर काढा आणि मुक्कामाची सोय यजमान विद्यापीठाकडून लेखी घ्या. वजन देण्याच्या आदल्या रात्री जागून आलेला पैलवान अर्धी कुस्ती तिथेच हरतो.

अंदाजपत्रकात हमखास सुटणाऱ्या गोष्टी

गादी रोज जंतुनाशकाने पुसावी लागते. नाही पुसली तर नायटा आणि त्वचेचे इतर आजार एकाकडून सगळ्यांकडे जातात आणि स्पर्धेच्या तोंडावर अर्धा संघ घरी बसतो. यासाठी माणूस आणि सामान दोन्ही धरा.

गुडघा, खांदा आणि कान यांच्या दुखापती कुस्तीत होणारच. आठवड्यातून दोनदा येणारा फिजिओथेरपिस्ट आणि प्रत्येकाचा अपघात विमा या अटीवर तडजोड करू नका.

उत्तेजक द्रव्यांबाबत वर्षातून एकदा तरी तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवा. बाजारातल्या डब्यांतली पूड विचारल्याशिवाय कोणी घेणार नाही, असा नियम करा. चाचणीत दोषी ठरलेल्या एका नमुन्याने मुलाचं शिक्षण, नोकरी आणि नाव एकदम पणाला लागतं. उपाशी राहून, घाम काढून झटपट वजन उतरवण्यालाही प्रशिक्षकाची लेखी संमती बंधनकारक करा.

मुलींचा वाटा पहिल्या दिवसापासून

महिलांची कुस्ती २००४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. साक्षी मलिक यांनी २०१६ मध्ये भारतीय महिला कुस्तीला पहिलं ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. पहिली महिला महाराष्ट्र केसरी २०२३ मध्ये सांगलीला झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. बहुतेक जुन्या तालमींत मुलींना जागा नाही, म्हणून त्यांच्यासाठी विद्यापीठाची गादी हाच खरा आधार आहे. संघासाठीही हा शहाणपणाचा हिशेब आहे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत फ्रीस्टाइल, ग्रीको-रोमन आणि महिला असे तीन विभाग असतात. मुली नसतील तर त्यातला एक पुरा विभाग आपण न लढताच सोडतो.

महिला प्रशिक्षक, स्वतंत्र खोली, प्रवासात महिला व्यवस्थापक आणि अंतर्गत तक्रार समितीची माहिती भिंतीवर, या चार गोष्टी लेखी असल्याशिवाय केंद्र सुरू करू नका. २०२३ मध्ये देशातल्या नामवंत महिला पैलवानांना न्यायासाठी जंतरमंतरवर बसावं लागलं. ते पाहिलेल्या आईवडिलांना नुसत्या शब्दावर मुलगी पाठवायला सांगणं योग्य नाही.

पैसा कुठून आणायचा?

साधा नियम लक्षात ठेवा: वस्तूंसाठी देणगी, चालू खर्चासाठी विद्यापीठ. देणगीदाराला गादीवर नाव घालता येतं. पगाराला आणि दुधाला देणगीदार मिळणं अवघड जातं, आणि मिळाला तरी टिकत नाही.

एकदाच्या ११ लाख ४० हजारांसाठी कंपन्यांकडे जा. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सामाजिक दायित्वाच्या यादीत ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश आहे. सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्यांनाही भेटा. माजी विद्यार्थी पैलवानांची यादी काढा. त्यांना गादीसाठी एकेक चौरस मीटर उचलायला सांगा. १४४ चौरस मीटर आहेत, म्हणजे प्रत्येकी साधारण ४,२०० रुपये.

चालू खर्चाला विद्यापीठाच्या अर्थसंकल्पातच स्वतंत्र लेखाशीर्ष हवं. दोन लाख विद्यार्थ्यांचं विद्यापीठ असेल तर वर्षाचे २१ लाख ८० हजार म्हणजे दर विद्यार्थ्यामागे ११ रुपयांहून कमी. तोच खर्च ३,००० विद्यार्थ्यांच्या एकट्या महाविद्यालयावर टाकला तर माणशी ७२७ रुपये होतात. पुरं केंद्र विद्यापीठाने का चालवायचं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. खेलो इंडिया केंद्राच्या योजनेत माजी खेळाडूला प्रशिक्षक म्हणून मानधन देण्याची तरतूद आहे, तिथेही अर्ज करा. मात्र तो पैसा येईलच असं धरून अंदाजपत्रक कमी करू नका.

एकट्या महाविद्यालयाला झेपेल असं

गावात तालीम असेल तर तिच्याशी लेखी करार करा. वस्तादांचं मानधन दरमहा १५,००० म्हणजे १,८०,०००. दहा पैलवानांचे बूट-पोशाख ५०,०००. दिवसाला १०० रुपयांप्रमाणे खुराकाची भर ३,००,०००. प्रवास ५०,०००. एकूण ५ लाख ८० हजारांत वर्ष निघतं. करारात मुलींची स्वतंत्र वेळ, विमा आणि जबाबदार शिक्षकाचं नाव या तीन अटी घाला.

प्रस्ताव कसा न्यायचा?

१. संलग्न महाविद्यालयांतून पैलवानांची यादी जमवा: नाव, वजन, आजवरची कामगिरी, सध्याची तालीम. ३० मुलांची नावं समोर असली की प्रश्न कागदावरचा राहत नाही.

२. महाविद्यालयाचा प्रस्ताव महाविद्यालय विकास समितीपुढे मांडा. विद्यापीठाचा प्रस्ताव क्रीडा संचालकांमार्फत क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळापुढे न्या.

३. अर्थसंकल्प मार्चमध्ये अधिसभेपुढे येतो. दिवाळीपूर्वी कागद पोचले तर त्यात शीर्ष उघडतं. जानेवारीत गेलेल्या प्रस्तावाला "पुढच्या वर्षी बघू" एवढंच उत्तर मिळतं.

४. यशाचं माप आधीच लिहून द्या. पदकांची हमी कोणी देऊ शकत नाही. हजेरी, मुलींची संख्या, परीक्षा उत्तीर्ण होणारे पैलवान आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरवलेले वजनगट, हे चार आकडे दरवर्षी देता येतात.

५. ठरावात "तीन वर्षांसाठी आवर्ती तरतूद" हे शब्द आले आहेत का, ते स्वतः वाचा. नुसती "गादी खरेदीस मान्यता" असेल तर त्याच बैठकीत दुरुस्ती मागा, कारण त्या मंजुरीत ना वस्तादाचा पगार असतो, ना पोरांचं दूध.